वाढलेल्या किमतीचा धनी कोण?

बंगळुरात चार मराठी कुटुंबे एकत्र आली की बोलण्याचा ओघ फार वेळ न दवडता घरांच्या किमतींकडे वळतो. कोणी व्हाइटफील्डकडील भाव सांगतो, कोणी जयनगरातील जुन्या बंगल्याचा. कोणी वीस वर्षांपूर्वी हातची गेलेली साइट आठवून उसासा टाकतो. शेवटी एक प्रश्न हटकून निघतो : ‘या किमती योग्य आहेत काय?’ विचारणाराला बहुधा उत्तर नकोच असते. ज्याने घर घेतले आहे त्याला ‘आहेत’ असे ऐकावयाचे असते, आणि ज्याला घेता आले नाही त्याला ‘नाहीत’ असे. तथापि प्रश्न मूळचा नीतिशास्त्राचा आहे. तो तसाच धरून त्याची तपासणी करणे आपणांस, म्हणजे चाकरीनिमित्त परमुलखात राहणाऱ्या आणि पुढे केव्हातरी, कोठेतरी घर करू पाहणाऱ्या मंडळींस, अगत्याचे आहे.

‘योग्य’ या शब्दाच्या पोटात दोन निराळे अर्थ आहेत, आणि वादातील पुष्कळसा गोंधळ त्यांच्या सरमिसळीतून होतो. एका अर्थी योग्य किंमत म्हणजे कारणांनी उलगडणारी किंमत. ती इतकीच का, याचा हिशेब लागतो. दुसऱ्या अर्थी योग्य किंमत म्हणजे न्याय्य किंमत. ती घेणाराचा ती घेण्यावर हक्क पोहोचतो. पहिल्या अर्थी सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्या अर्थी आपोआप सिद्ध होत नाही. पाऊस का पडला नाही हे वेधशाळेला सांगता आले म्हणून दुष्काळ न्याय्य ठरत नाही.

पहिल्या अर्थाचे उत्तर तसे सोपे आहे. १९४१ च्या खानेसुमारीत बंगळूरची वस्ती सुमारे चार लक्ष होती; १९५१ मध्ये ती पावणेआठ लक्षांच्या घरात गेली; २००१ मध्ये सत्तावन्न लक्ष आणि २०११ मध्ये सुमारे पंचाऐंशी लक्ष झाली. १९७८ च्या सुमारास शहराच्या दक्षिणेस इलेक्ट्रॉनिक सिटीची उभारणी सुरू झाली, १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी येथे आली, आणि त्यानंतरच्या चाळीस वर्षांत संगणकाच्या धंद्याने देशभरचे तरुण येथे ओढून आणले. मागणी वाढली, पगार वाढले, बँका कर्ज देण्यास उत्सुक झाल्या. जमीन मात्र ईश्वराने घडविली तेवढीच राहिली. किंमत वाढली यात नवल नाही. न वाढती तर नवल.

या शहराच्या किमतीचा इतिहास आपणांस परका नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे ठाणे केंपेगौडांच्या वंशजाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. व्यंकोजीराजे तंजावरास स्थिर झाल्यावर त्यांनी दूरचे बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराय वडियारांस तीन लक्ष रुपयांना देण्याचे बोलणे चालविले. इतक्यात १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखान याने शहर घेतले, आणि पुढे ते तेवढ्याच रकमेच्या व्यवहाराने म्हैसूरकरांकडे गेले, असे इतिहासकार सांगतात. तीन लक्ष रुपये ही आज या शहरातील एखाद्या बऱ्यापैकी घराच्या भाड्याची अनामत आहे. कारण दहा दहा महिन्यांचे भाडे आगाऊ ठेवून घेण्याची चाल येथे वर्षानुवर्षे चालत आली आहे. रुपयाचे मोल घसरले हे खरे. पण ती घसरण वजा केली तरी जे उरते ते थोडे नाही. ते उरलेले कोणी निर्माण केले, हाच आपला प्रश्न.

प्रथम किमतींचे समर्थन करणाऱ्यांची बाजू तिच्या पुऱ्या बळानिशी मांडली पाहिजे. ते म्हणतात, विकणारा राजी आहे, घेणारा राजी आहे. तिसऱ्याने मध्ये पडण्याचे कारण काय? चढा भाव हाच बांधणाराला नवे घर बांधावयास लावतो. भाव दाबून धरला तर नवे बांधकाम थांबते आणि टंचाई वाढते. ही भीती काल्पनिक नाही. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठविली. त्या वेळच्या भाडेकरूंस त्याने आधार दिला यात शंका नाही. परंतु कालांतराने घरमालकास दुरुस्ती परवडेना, चाळी खचू लागल्या, आणि कायद्याने बंद केलेली किंमत पागडीच्या रूपाने मागच्या दाराने आत आली. नव्याने येणाऱ्या गरिबाला भाड्याची खोली मिळणे अधिकच कठीण झाले. हुकुमाने किंमत उतरविता येते. हुकुमाने घरे वाढत नाहीत. हा धडा न्यायाची भाषा बोलणाराने विसरता कामा नये.

परंतु हे सर्व मान्य करूनही मूळ प्रश्न शिल्लकच राहतो. कारण ‘घराची किंमत’ म्हणून आपण ज्याचा उच्चार करतो त्या वस्तुतः दोन किमती आहेत. एक विटा, लोखंड, सिमेंट, गवंड्याचा घाम आणि बांधणाराची योजकता यांची. दुसरी त्या घराखालच्या भूमीची. पहिली वस्तू दर वर्षी जुनी होते, गळते, झिजते. तीस वर्षांचे घर नव्यापेक्षा स्वस्तच असावयास हवे. तरीही जयनगरातील जुने घर तीस वर्षांपूर्वीच्या अनेक पटींनी विकले जाते, आणि विकत घेणारा पहिल्याच महिन्यात ते पाडून टाकतो. म्हणजे त्याने पैसे मोजले ते घराचे नव्हेत, घराखालच्या जागेचे. घराची किंमत वाढत नाही, जमिनीची वाढते, ही साधी गोष्ट ध्यानी घेतली की वादाचा निम्मा भाग निवळतो. बांधणाराला त्याच्या कामाचा मोबदला व नफा मिळावा यास कोणाचीच हरकत असू नये. प्रश्न आहे तो जमिनीच्या वाढीचा.

आता एखाद्या लाभावर माणसाचा नैतिक हक्क कशाने पोहोचतो? तीन आधार सांगता येतील : श्रम, जोखीम आणि संमती. तिन्ही क्रमाने पाहू.

श्रमाचा आधार येथे टिकत नाही. रिकाम्या साइटीच्या मालकाने पंचवीस वर्षांत तिला कुंपण घातले असेल, फार तर एक दगडी फलक रोविला असेल. तिचे मोल ज्यांनी वाढविले ते दुसरेच. म्हैसूर संस्थानाने विज्ञानसंस्थेसाठी ३७१ एकर जमीन दिली आणि १९०९ मध्ये टाटांच्या देणगीतून ती संस्था स्थापन झाली. १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी संस्थानाच्या भांडवली साह्याने विमानांचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर टेलिफोन, घड्याळे, यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांचे सरकारी कारखाने येथे निघाले व त्यांनी कसबी कामगारांची व अभियंत्यांची एक पिढी तयार केली. संगणकाचा धंदा आला तो या तयार शेतात. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून, तीन टप्प्यांत, सुमारे पाचशे मीटर उंच चढवून येथे आणावे लागते. त्याचा पाचवा टप्पा २०२४ मध्ये पुरा झाला. २००८ मध्ये देवनहळ्ळीस विमानतळ झाला, २०११ पासून मेट्रो धावू लागली. यांतील प्रत्येक गोष्टीगणिक आसपासच्या जमिनीचा भाव चढला. खर्च झाला तो करदात्याचा, कष्ट झाले ते हजारोंचे. वाढ मात्र ज्याच्या नावे सात-बारा वा खाते होते त्याच्या पदरात पडली.

यावर कोणी म्हणेल, समाजाचा हात कोणत्या कमाईत नसतो? गवयाची बिदागीही श्रोत्यांच्या रसिकतेवर आणि मोठ्या शहराच्या सुबत्तेवर अवलंबून असते. हे खरे आहे. पण गवयाला गावे लागते. साइटीच्या मालकाने त्या पंचवीस वर्षांत झोप काढली तरी भाव तितकाच चढतो. किंबहुना त्याने तेथे काही बांधले नाही, एकाही कुटुंबाला आसरा दिला नाही, तरी चालते. ज्या लाभासाठी काही करावे लागत नाही, त्याला कमाई म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे.

जोखमीचा आधार काहीसा बळकट आहे. ज्याने १९८० च्या सुमारास गावाबाहेर, पाणी नाही, रस्ता नाही, रात्री कोल्हे ओरडतात अशा लेआउटमध्ये जागा घेतली, त्याने धाडस केले यात संशय नाही. तेथे तो राहिला, विहीर खणली, झाडे लावली, मुलांना दूरच्या शाळेत पाठविले. त्या हालअपेष्टांचे काही मोल त्याला मिळाले तर ते रास्तच. पण जो तेथे राहिलाच नाही, ज्याने केवळ ‘आज ना उद्या सरकार रस्ता आणील’ या हिशेबाने पाच साइटी अडवून ठेवल्या, त्याची जोखीम कोणत्या जातीची? त्याने पैज लावली ती सरकारी तिजोरीवर. ती जिंकली म्हणजे त्याला हुशार म्हणता येईल. त्या रकमेचा न्याय्य धनी म्हणता येईलच असे नाही.

उरली संमती. दोन्ही पक्ष राजी असता अन्याय कसा? संमतीचे मोल पर्यायांवर अवलंबून असते. सोने महाग झाले तर मुलीच्या लग्नातला एक दागिना कमी करता येतो. रात्री पाठ टेकण्याची जागा पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. ज्याची नोकरी या शहरात आहे त्याला याच शहरात, निदान त्याच्या वेशीवर, राहावे लागते. जो शिक्षक, जी परिचारिका, जो बसचालक पगाराचा तिसरा वाटा भाड्यात घालतो, त्याची संमती ही व्यवहाराची संमती खरी. पण ती लाचारीच्या किती जवळची आहे हे ज्याचे त्याला माहीत असते. शिवाय एक पक्ष थांबू शकतो आणि दुसरा थांबू शकत नाही, अशा सौद्यात भाव नेहमी थांबू शकणाऱ्याच्या बाजूने झुकतो.

हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना घेतलेला आहे असा काहींचा समज असतो. इंग्लंडात रिकार्डोने १८१७ मध्ये भूखंडाचा सिद्धांत मांडला, मिलने ‘अनर्जित वाढी’वर समाजाचा हक्क सांगितला, आणि १८७९ मध्ये अमेरिकन हेन्री जॉर्जने, प्रगती वाढत असता दारिद्र्य का हटत नाही, या कोड्याचे मूळ जमिनीच्या खंडात दाखविले, हे सर्व खरे. परंतु त्यांच्या कितीतरी आधी कौटिल्याने हा मुद्दा हेरला होता. त्याच्या अर्थशास्त्रातील तिसऱ्या अधिकरणात घरे व शेते यांच्या विक्रीचे नियम आहेत. आधी भाऊबंद, मग शेजारी, मग सावकार, असा खरेदीचा क्रम लावून दिला आहे. शेजाऱ्यांसमक्ष तीन वेळा पुकारा करावयाचा आहे. आणि पुढे असे सांगितले आहे की घेणारांच्या चढाओढीने किंमत वाढली तर ती वाढ शुल्कासह राजाच्या कोशात जावी. विकणाराला त्याने सांगितलेली किंमत मिळावी, चढाओढीचा लाभ त्याचा नव्हे! हा ग्रंथ शतकानुशतके लुप्त मानला जात होता. त्याची पोथी १९०५ मध्ये शामशास्त्री यांच्या हाती लागली ती म्हैसूरच्याच ग्रंथालयात, आणि १९०९ मध्ये त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. ज्या प्रदेशात हा नियम पुन्हा उजेडात आला, त्याच प्रदेशाच्या राजधानीत त्याच्या नेमके उलट चालावे, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

समर्थकांचा आणखी एक दावा तपासणे राहिले. किंमत ही बातमी आहे, असे ते म्हणतात; कोठे काय हवे आहे हे ती खरेपणाने सांगते. बंगळुरात तिने किती खरे सांगितले? येथील धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मुख्य बसस्थानक आहे; संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडागार आहे. पुढे बाहेरच्या भागांतील कित्येक तळी आणि त्यांना जोडणारे नाले याच रीतीने आक्रसत गेले, आणि त्यांवर वा त्यांच्या काठावर उंची वसाहती उभ्या राहिल्या. २०२२ च्या सप्टेंबरात पाऊस झाला तेव्हा पाणी आपली जुनी वाट शोधीत आले, आणि कोट्यवधी रुपयांच्या घरांतील माणसांना होड्यांतून व ट्रॅक्टरांवरून बाहेर काढावे लागले. २०२४ च्या उन्हाळ्यात विंधणविहिरी आटल्या तेव्हा तशाच वसाहती टँकरच्या दारी रांगेत उभ्या होत्या. त्या किमतीने जवळचे कार्यालय सांगितले, झाडांची रांग सांगितली. पायाखालचे तळे आणि आटणारा झरा सांगितला नाही. अपुरी बातमी देणारा दूत शिक्षेस पात्र नसेल. पण त्याचा शब्द प्रमाण मानणे शहाणपणाचे नाही.

मग करावे काय? सर्व जमीन सरकारने घ्यावी काय? सिंगापुराने जवळजवळ तसे केले. १९६० मध्ये गृहमंडळ स्थापून आणि १९६६ मध्ये कडक भूसंपादन कायदा करून त्या राज्याने जमीन हाती घेतली. आज तेथील दहांपैकी जवळपास आठ रहिवासी मंडळाच्या घरांत राहतात. फळ मोठे आहे, पण त्याचे मोल ज्यांनी पडत्या भावाने जमिनी दिल्या त्यांनी चुकते केले. आपल्याकडे तर या उपायाचा अनुभव अधिकच कडू आहे. सार्वजनिक हिताच्या नावाने शेतकऱ्याची जमीन स्वस्तात घ्यावयाची, आणि दहा वर्षांत तिचा भाव अनेक पटींनी चढून लाभ भलत्याच्याच घरी जावयाचा, हा प्रकार जुना आहे. देवनहळ्ळी तालुक्यातील १,७७७ एकरांच्या संपादनाविरुद्ध तेथील शेतकरी तीन वर्षांहून अधिक काळ धरणे धरून बसले, आणि २०२५ च्या जुलैमध्ये सरकारला तो बेत सोडावा लागला. पुण्याजवळ हडपसरास मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी निराळी वाट चोखाळली : चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून त्यांनी स्वतःच नगर वसविले आणि वाढीत भागीदार राहिले. वाढीचा वाटा शेतकऱ्याला मिळाला हे उत्तम झाले. पण शेतमजुराचा वाटा तेथेही कोणी मोजला नाही.

यातून निष्पन्न होते ते इतकेच की किंमत बांधून टाकणे हा न्याय नव्हे आणि जमीन हिसकावणे हाही नव्हे; वाढीचा काही भाग जेथून आला तेथे परत जाणे हा न्याय आहे. हे अशक्य कोटीतील नाही. मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यात सुधारणेमुळे वाढलेल्या मोलाचा काही अंश मालकाकडून घेण्याची तरतूद होतीच. मेट्रोच्या स्थानकालगतची जमीन, वर्षानुवर्षे ओसाड ठेवलेली साइट, कुलूपबंद सदनिका यांवर जड कर बसविला आणि त्यातून भाड्याची साधी घरे बांधली, तर जो राहतो त्याला धक्का न लागता जो केवळ अडवून बसतो त्याला हलावे लागेल. म्हाताऱ्या विधवेचे राहते घर आणि सट्टेबाजाच्या पाच रिकाम्या साइटी यांत फरक करण्याइतकी अक्कल कायद्याला असू शकते. ती आणावयाची की नाही, हा इच्छेचा प्रश्न आहे.

आणि न्यायाची एक साधी कसोटी हाताशी असू द्यावी. पहाटे रस्ते झाडणाऱ्या पौरकार्मिक स्त्रिया, कपड्यांच्या कारखान्यांत शिवणयंत्रावर बसणाऱ्या मुली, इस्पितळातील सेवक, शाळेतील शिक्षक यांच्यावाचून हे शहर एक दिवसही चालत नाही. ज्यांच्यावाचून शहर चालत नाही त्यांना जर शहरात राहता येत नसेल, आणि रोज चार तास प्रवासात घालवून त्यांना शहर चालवावे लागत असेल, तर तेथील जागेच्या किमतीत त्यांच्या वेळेचा आणि झोपेचा हिस्सा मिसळलेला आहे, तो न मोजता.

शेवटी आपल्याविषयी. अधिकारीवर्गाला या प्रश्नात तटस्थ प्रेक्षक होता येत नाही. सेवाकाळात सरकारी निवासस्थान, मग गृहनिर्माण संस्थेतून वा प्राधिकरणाकडून ठरावीक भावाने मिळालेली साइट, आणि निवृत्तीच्या वेळी तिची बाजारभावाने विक्री, ही वाट आपल्यातील कित्येकांच्या पायाखालची आहे. त्यात बेकायदेशीर काही नाही, आणि ज्याने ती साइट राहण्यासाठी घेऊन तीवर घर बांधले त्याला दोष देण्याचेही कारण नाही. तथापि निर्दोष असणे वेगळे आणि त्या साऱ्या वाढीचे आपण अधिकारी आहोत असे मानणे वेगळे. शिवाय रस्त्याची आखणी कोठून जाणार, कोणता भाग नगराच्या हद्दीत येणार, हे ज्याच्या मेजावरील फायलीत आधी कळते, त्याच्या हाती ती माहिती म्हणजे लोकांची ठेव आहे. तिच्या जोरावर मेहुण्याच्या नावे घेतलेली साइट ही, पकडली जावो वा न जावो, अफरातफरच.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण तिच्यात कोणाचाच अपराध नाही. बंगळूरची सदनिका विकून आलेला पैसा घेऊन माणूस जेव्हा सातारा, सांगली, कोल्हापुराकडे परततो, तेव्हा तेथील भावाने त्याला काहीच वाटत नाही. मागेल ती किंमत तो हसत देतो. त्याच आळीत तीस वर्षे शिकविलेला मास्तर त्या दिवशी आपल्या गावात घर घेण्याच्या शर्यतीतून बाद होतो. ज्या किमतींविषयी आपण परमुलखात कुरकुर केली त्याच आपण गावी घेऊन जातो. गावी परतू नये, असे कोण म्हणेल? पण घासाघीस न करता दिलेला प्रत्येक वाढीव रुपया उद्याचा दर ठरवितो, हे देणाराने जाणून असावे.

म्हणून ‘किमती योग्य आहेत काय?’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. भिंतींची किंमत योग्य आहे. ती ज्याने उभारली त्याची आहे. जमिनीच्या वाढीची किंमत समजण्याजोगी आहे, पण ती संपूर्णपणे ज्याच्या हाती पडते त्याची नाही. तिच्यावर पाणी चढविणाराचा, रस्ता झाडणाराचा, कर भरणाराचा आणि ज्याची शेती गेली त्याचा हक्क आहे. कायदा आज तो हक्क पुरतेपणी ओळखत नाही. कायद्याची टिपणे लिहिणारे आणि त्यांवर सही करणारे हात आपल्यातीलच पुष्कळांचे आहेत; तेव्हा हा प्रश्न आपण दुसऱ्या कोणाला विचारावा?